स्टडी गाइड वाचून झालं, तरी आरएचसीएसए का अडतं? तयारीचा क्रम, पायरी पायरीने

गाइड म्हटलं की आपल्याला दहावीचं गाइड आठवतं. प्रश्न, त्याखाली उत्तर, बाजूला 'हमखास येणारा' अशी खूण. ती सवय अंगात इतकी मुरलेली असते की सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनच्या परीक्षेचं जाडजूड स्टडी गाइडसुद्धा आपण तसंच वाचायला घेतो. पहिल्या पानापासून, हातात पिवळा हायलायटर घेऊन.

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणारी पोरं-पोरी माझ्याकडे पुस्तक घेऊन येतात, तेव्हा मी आधी ते मिटलेलं पुस्तक आडवं धरून त्याची कड बघतो. पहिला अर्धा इंच मळलेला, बोटांचे डाग पडलेला. पुढची सगळी कड पांढरी. उघडून पाहिलं की डाग नेमके फाइल परमिशनपर्यंत येऊन थांबलेले असतात. एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी), एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-चौकी), नेटवर्क ही पानं कोरी. "दादा, पुस्तक दोनदा सुरू केलं," असं सांगतात. दोनदा सुरू केलं म्हणजे पहिले सहा धडे दोनदा झाले.

खालचा क्रम मी रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए, म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी (तिचा क्रमांक ईएक्स२००) लिहितोय, कारण चूक तिथे सगळ्यात महाग पडते. या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न नसतात. समोर मशीन असतं, कामांची यादी असते आणि ३ तास असतात. इंटरनेट नाही, पुस्तक नाही. सिस्टिमबरोबर येणारी कागदपत्रं, म्हणजे कमांडची माहिती देणारी मॅन पेजेस वगैरे, तेवढी चालतात. ३०० पैकी २१० गुणांना पास. कमांड कुठल्या क्रमाने दिली ते कोणी पाहत नाही, शेवटी मशीन कोणत्या अवस्थेत आहे ते तपासलं जातं. आणि केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे.

एलपीआयसी-१, म्हणजे लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची परीक्षा, करणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं, ६० प्रश्न. पायरी १ ते ३ आणि ५ त्यांनाही जशाच्या तशा लागू आहेत, बाकीच्या चाळल्या तरी चालतील.

कमांडची नावं मी आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंग टर्मिनलवर बोटांनाच पाठ होऊ द्या.

पायरी १ : पुस्तक मिटून ठेवा, उद्दिष्टांची यादी काढा

रेड हॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या पानावर उद्दिष्टांची अधिकृत यादी असते. तिची छापील प्रत काढा. तुम्ही रेड हॅट लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीची परीक्षा देणार ते आधी पक्कं करा आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची आवृत्ती तिच्याशी ताडून बघा. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. ऑफिसमधल्या सीनियरने दिलेलं जुनं पुस्तक फुकट मिळालं म्हणून त्यावरच तयारी झालेली असते. नवव्या आवृत्तीच्या यादीत पॉडमन या साधनाने कंटेनर (वेगळ्या कप्प्यात बांधलेले प्रोग्रॅम) चालवणं आहे, आणि सातव्या आवृत्तीच्या पुस्तकात ते शोधून सापडणार नाही.

आता यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर पुस्तकातला पान क्रमांक लिहा. त्यापुढे तीनपैकी एक अक्षर: 'ज' म्हणजे न बघता जमतं, 'अ' म्हणजे अर्धवट, 'न' म्हणजे कधी केलंच नाही. प्रामाणिकपणे लिहा, हा कागद कोणाला दाखवायचा नाहीये.

तपासणी: यादीतल्या एखाद्या ओळीला पुस्तकात पानच सापडलं नाही, तर तो विषय मॅन पेजवरून करायचा आहे अशी खूण आत्ताच करून ठेवा. उलट, पुस्तकातला जो धडा यादीत कुठेच बसत नाही तो परीक्षेपुरता सोडून द्या. चांगला असला तरी.

पायरी २ : लॅब आधी, पहिला धडा नंतर

लॅबशिवाय उघडलेलं स्टडी गाइड म्हणजे काठावर बसून पोहण्याचं पुस्तक वाचणं. लॅबला फार काही लागत नाही. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर आरामात, ८ जीबीवरही ग्राफिकल डेस्कटॉप न टाकता भागतं. दोन व्हीएम (लॅपटॉपमध्येच चालणारी आभासी मशीन) करा, प्रत्येकी २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क. दुसऱ्या व्हीएमला ५-५ जीबीच्या दोन जास्तीच्या रिकाम्या डिस्क जोडा. स्टोरेजचा सगळा सराव त्यांच्यावर होईल आणि मूळ डिस्कला हात लावावा लागणार नाही. रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, ते घ्या. नको असेल तर रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्सची तीच मुख्य आवृत्ती टाका.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच दोन गोष्टी करायच्या. पहिली, दोन्ही व्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घेऊन त्याला 'कोरी पाटी' असं नाव द्या. रोज सराव तिथून सुरू करायचा. कालचा अर्धवट सराव असलेल्या मशीनवर आज काम जमलं, तर ते आज जमलं की काल, हे तुम्हालाच कळत नाही.

दुसरी, इन्स्टॉलेशनची आयएसओ व्हीएमला जोडून माउंट करा आणि तिच्यावरून डीएनएफची (पॅकेज टाकणाऱ्या कमांडची) रेपो फाइल, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल, हाताने लिहा. बेसओएस आणि ॲपस्ट्रीम असे दोन्ही विभाग. रेपोच धड नसेल तर पुढे एकही पॅकेज टाकता येत नाही आणि त्या पॅकेजवर उभी असलेली कामं आपोआप बुडतात.

इशारा: कंपनीच्या सर्व्हरवर 'जरा करून बघतो' म्हणून सराव करू नका. टेस्ट सर्व्हर असला तरी.

पायरी ३ : धडा शेवटाकडून उघडा

प्रत्येक धड्याच्या शेवटी सरावाची कामं असतात. ती आधी वाचा आणि पुस्तक मिटून कोऱ्या पाटीवर करायला घ्या. वीस मिनिटं. जिथे अडाल तिथे वहीत एक प्रश्न लिहा. मग धडा उघडा आणि त्या प्रश्नाच्या उत्तरापुरता वाचा. मग पुन्हा तेच काम, पुन्हा कोऱ्या पाटीवर.

एक काम जवळून पाहू. पुस्तकात असतं: '८ एमबी एक्स्टेंटचा व्हॉल्यूम ग्रुप करा, त्यात ५० एक्स्टेंटचा लॉजिकल व्हॉल्यूम करा.' (एक्स्टेंट म्हणजे जागेचा एक ठरावीक तुकडा.) धडा सरळ वाचणाऱ्याला हे सोपं वाटतं. प्रत्यक्ष हात लावला की कळतं, एलव्हीक्रिएटला मोठा एल दिला तर पुढचा आकडा आकार समजला जातो, छोटा एल दिला तर एक्स्टेंटची संख्या. मोठा एल आणि ५० दिलंत तर ५० एमबीच्या आसपासचं काहीतरी तयार होतं. चूक दाखवणारा लाल अक्षरांचा संदेश वगैरे येत नाही, कमांड बिनबोभाट चालते. एलव्हीएस मारून ४०० एमबी दिसतात का ते तुम्हीच बघायचं असतं. आणि एक्स्टेंटचा आकार व्हीजीक्रिएटच्या वेळीच द्यायचा राहिला, तर ५० एक्स्टेंट मोजूनही आकार चुकतो, कारण न सांगता मिळणारा एक्स्टेंट ४ एमबीचा असतो.

हे एकदा चुकून, स्वतः शोधून दुरुस्त केलं की आयुष्यभर राहतं. हायलायटरने रंगवलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत राहतं.

धड्यांचा क्रमही बदला. 'न' अक्षर असलेल्यांपैकी स्टोरेज, नेटवर्क आणि एसईलिनक्स पहिल्या तीन आठवड्यांत घ्या. फाइल कॉपी करणं, टार, ग्रेप यांचा सराव बाकी कामं करताना होतच असतो. दहा आठवडे धरा, शिफ्टवाल्यांनी बारा. ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या गाडीत धडा होत नाही, दहा-बारा मिनिटांत काय होणार. पण पाच कार्डं होतात. एका बाजूला काम, मागे कमांड. फलाटावर गाडीची वाट बघताना आणखी पाच. वाचनाचा वेळ तिथे वसूल करा आणि घरी गेल्यावर फक्त कीबोर्ड.

तपासणी: धडा 'झाला' कधी म्हणायचा? त्यातली सगळी कामं कोऱ्या पाटीवर, पुस्तक न उघडता, दोन वेगवेगळ्या दिवशी जमली तर. एका दिवशी दोनदा जमलं ते धरायचं नाही.

पायरी ४ : प्रत्येक कामानंतर रीबूट

ही पायरी सगळ्यांना माहीत असते आणि सगळे गाळतात. मीही गाळली होती, आणि माझा पहिला प्रयत्न त्यातच गेला. म्हणून इथे जरा थांबतो.

लिनक्सवर बहुतेक गोष्टी दोन प्रकारे करता येतात: आत्तापुरत्या आणि कायमच्या. सर्व्हिस स्टार्ट केली पण इनेबल केली नाही, तर रीबूटनंतर ती झोपलेली. आयपी कमांडने पत्ता दिला तर तो उडतो, एनएमसीएलआयने कनेक्शनमध्ये लिहिला तर राहतो. एसईलिनक्सचे चालू-बंद खटके, म्हणजे बूलियन, बदलणाऱ्या सेटसेबूलला मोठा पी लावला नाही तर ते मूळ जागी. स्वॅपऑन केलं पण एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत) ओळ नाही, तर स्वॅप गायब. फायरवॉलचं तर उलटसुलट आहे: परमनंट न लावता दिलेला नियम आत्ता चालतो आणि रीबूटला जातो, परमनंट लावून रीलोड केलं नाही तर आत्ता चालत नाही आणि रीबूटनंतर चालतो. साध्या युजरच्या नावाने कंटेनर सर्व्हिस म्हणून चालवायचा असेल तर लॉगिनसीटीएलने लिंगर चालू करावं लागतं, नाहीतर तो युजर लॉगिन करेपर्यंत कंटेनर उठतच नाही.

आता माझी गोष्ट. नवी फाइल सिस्टिम बनवली, हाताने माउंट केली, डीएफमध्ये दिसली. मग एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली. शिस्तीत माउंट हायफन ए मारलं. काही त्रुटी आली नाही, म्हणून पुढे गेलो. शेवटची चार मिनिटं उरलेली असताना रीबूट केलं आणि स्क्रीनवर इमर्जन्सी मोड. मी 'डिफॉल्ट्स'मधला शेवटचा एस खाल्ला होता. मग माउंट हायफन ए गप्प का बसलं? कारण जे आधीच माउंट झालेलं आहे त्याला ते हातच लावत नाही. माझी चुकीची ओळ त्याने तपासलीच नव्हती. जे मशीन उठत नाही, त्यावरची बरोबर असलेली बाकीची कामं तरी कोण कशी तपासणार?

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. ओळ लिहिली की आधी अनमाउंट, मग सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड, मग माउंट हायफन ए, मग फाइंडमाउंटला व्हेरिफाय लावून एक नजर, आणि मग रीबूट. सरावात हे प्रत्येक वेळी करा. कंटाळवाणं आहे. व्हीएम उठायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात चहाचा घोट घ्या.

इमर्जन्सी मोडमधून बाहेर यायचाही सराव हवा. आठवड्यातून एकदा मुद्दाम एफएसटॅब बिघडवा आणि घड्याळ लावून दुरुस्त करा. रूटचा (मुख्य ॲडमिन खात्याचा) पासवर्ड विसरल्यावर बूटच्या वेळी तो बदलण्याचं कामही तसंच, डोळे मिटून जमलं पाहिजे. त्यात शेवटी ऑटोरीलेबलची (सगळी एसईलिनक्स लेबलं नव्याने लावायला सांगणारी) रिकामी फाइल बनवायची विसरलात तर नवीन पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडू शकतं.

आणि इथेच एक लपलेला खड्डा आहे. एसईलिनक्सचं लेबल चेकॉनने बदललं तर ते साध्या रीबूटमध्ये टिकतं, त्यामुळे तपासणीत सगळं ठीक दिसतं. पण पूर्ण रीलेबल झालं की ते मूळ पदावर येतं. कायमचं करायचं तर सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नियम लिहा आणि रिस्टोअरकॉन चालवा. चेकॉन मी सरावातून काढूनच टाकायला सांगतो.

तपासणी: वेब सर्व्हर ८२ क्रमांकाच्या पोर्टवर चालवा. एका दाराला तीन कुलपं आहेत: सर्व्हिसची स्वतःची कॉन्फिग फाइल, एसईलिनक्समधला पोर्टचा प्रकार आणि फायरवॉल. तिन्ही उघडून, रीबूट करून, दुसऱ्या व्हीएमवरून कर्लने पान दिसलं तरच काम झालं. एसईलिनक्स परमिसिव्ह करून चालवलं असेल तर ते धरू नका.

पायरी ५ : चुकांची वही, नोट्सची नव्हे

पुस्तक पुन्हा सुंदर अक्षरात उतरवून काढणारे मी पाहिले आहेत. त्यात दोन महिने जातात. वहीत फक्त चुका लिहा. तारीख, काय करायचं होतं, काय केलं, कसं कळलं. एका चुकीला तीन ओळींपेक्षा जास्त नको.

महिन्याने वही उघडली की तुमचा स्वभाव दिसतो. कोणी कायम पर्मिशन लावतो पण मालक बदलायला विसरतो. कोणी दोनदा न वाचताच काम सुरू करतो आणि युजरला प्राथमिक ग्रुपऐवजी दुय्यम ग्रुप देतो. युजरमॉडला मोठा जी लावताना सोबत छोटा ए न दिल्याने जुने ग्रुप पुसले जाणं, ही तर जवळपास प्रत्येकाच्या वहीत असतेच. यादीतली 'ज' अक्षरं या वहीवरून दर रविवारी दुरुस्त करा. काही 'ज'चे 'अ' होतील, होऊ द्या.

पायरी ६ : पुस्तकाकडून मॅन पेजकडे

सहाव्या-सातव्या आठवड्यात पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा. परीक्षेत सोबतीला मॅन पेजेसच असणार. कमांडचं नाव आठवत नसेल तर मॅनला के लावून शब्द शोधता यायला हवा. नवीन मशीनवर काही सापडलं नाही तर रूटने एकदा मॅनडीबी चालवा. बहुतेक मॅन पेजची मजा तळाशी असते. सरळ शेवटी जा आणि उदाहरणं बघा. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टच्या पानावर लागणारं उदाहरण जवळपास तयारच मिळतं. एनएमसीएलआयसाठी तर उदाहरणांचं वेगळं मॅन पेज आहे. क्रॉनटॅबच्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीच्या) वेळांचे रकाने आठवत नसतील तर पाचव्या विभागातलं क्रॉनटॅबचं पान उघडायचं. नुसतं मॅन क्रॉनटॅब मारलं की पहिल्या विभागातलं, कमांडचं पान येतं आणि माणूस गोंधळतो.

पायरी ७ : तीन तासांचा पेपर, दुसऱ्याने काढलेला

पुस्तकामागचे सराव पेपर एव्हाना पाठ झालेले असतात, त्यात मिळालेल्या गुणांवर विसंबू नका. सोबत तयारी करणारा कोणी शोधा. दोघांनी एकमेकांसाठी उद्दिष्टांच्या यादीवरून अठरा-वीस कामांचा पेपर काढायचा आणि शनिवारी ठाण्यात तलावपाळीला भेटून अदलाबदल करायची. पेपर काढणाऱ्याने व्हीएमही बिघडवून द्यावं: चुकीचा होस्टनेम, रेपो नाही, रूटचा पासवर्ड अज्ञात. दुसऱ्याचा पेपर काढताना जेवढा अभ्यास होतो तेवढा सोडवतानाही होत नाही, हा माझा अनुभव आहे.

वेळ संपली की हात वर. मग मित्राने मशीन रीबूट करावं आणि तपासावं. तुम्ही बाजूला उभं राहायचं, 'अरे ते फक्त रीस्टार्ट कर, चालेल' असं म्हणायचं नाही.

इशारा: 'खरे प्रश्न' म्हणून फिरणारे डम्प घेऊ नका. परीक्षेच्या वेळी प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार तुम्ही स्वीकारता, तो मोडण्यात भागीदार होता. शिवाय एका क्लासने वाटलेल्या अशाच डम्पमधली उत्तरं मी तपासली, तर त्यात तीन ठिकाणी फायरवॉलचा नियम रीबूटला उडणारा होता.

पायरी ८ : तारीख आणि जागा

असे सलग दोन पेपर २५०च्या वर गेले की तारीख घ्या. २१५ पडले तर थांबा, परीक्षेच्या दिवशी हात थरथरण्याचे तीस-चाळीस गुण धरावेच लागतात.

नाव ओळखपत्रावर आहे तसंच नोंदवा. आपल्याकडे आधारवर मधे वडिलांचं नाव आणि खात्यावर नुसतं नाव-आडनाव, असा घोळ सर्रास असतो. तो परीक्षेच्या सकाळी सोडवायचा विषय नाही.

घरून परीक्षा देणार असाल तर परीक्षेसाठी सांगितल्याप्रमाणे तयार केलेल्या यूएसबीवरून लॅपटॉप सुरू करावा लागतो. कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बूट बहुधा कुलूपबंद असतं, त्यामुळे स्वतःचा किंवा मागून आणलेला लॅपटॉप आठवडाभर आधी तपासा. राउटर इन्व्हर्टरवर आहे का बघा. खोलीत तीन तास कोणी येता कामा नये, हे घरात सगळ्यांना सांगा आणि बेल वाजल्यावर दार कोण उघडणार तेही ठरवा. गणपतीच्या दिवसांत सोसायटीत मंडप असेल तर तारीखच पुढची घ्या.

पायरी ९ : पेपरच्या दिवशीचा क्रम

पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात न लावता सगळी कामं वाचा. कोणतं काम कोणत्या मशीनवर आहे ते प्रत्येक वेळी बघा. बरोबर काम चुकीच्या मशीनवर केलं तर गुण शून्य, आणि दोन टर्मिनल उघडी असली की ते सहज होतं. काम सुरू करण्याआधी होस्टनेम मारायची सवय सरावातच लावून घ्या.

आधी मशीनचा ताबा, मग नेटवर्क, मग रेपो, कारण बाकीचं यांच्यावर उभं आहे. त्यानंतर स्टोरेज, डोकं ताजं असताना. विभाजन करताना डिस्कचं नाव एलएसबीएलकेने दोनदा बघा. एक्सएफएस फाइल सिस्टिम वाढवता येते, लहान करता येत नाही, म्हणून आकार देण्याआधी प्रश्नातला आकडा पुन्हा वाचा. स्टोरेज संपलं की पहिला रीबूट. युजर, क्रॉन, स्क्रिप्ट, शोधकामं त्यानंतर. एखाद्या कामावर बारा मिनिटं गेली आणि मार्ग दिसत नसेल तर सोडून पुढे जा.

शेवटचा रीबूट घड्याळात पंचवीस मिनिटं शिल्लक असताना. मशीन उठलं की यादी वरून खाली तपासा: माउंट, स्वॅप, सर्व्हिस, पोर्ट, आयपी, लेबल. काही दुरुस्त केलंत तर पुन्हा एक रीबूट. दहा मिनिटांहून कमी उरली असतील आणि सगळं जागेवर असेल, तर एफएसटॅबला हात लावू नका. हात मांडीवर ठेवून बसा.